व्हॉल्व्ह २० मिनिटांसाठी उघडला, बंद झाला २ तास ४० मिनिटांनी! चालू चिपचा वेग बदलताना नेमकं काय चुकतं?

सांगोला : डाळिंबाची बाग आहे आणि फळ तोडणीला आलंय. ठिबकचा व्हॉल्व्ह बॅटरीवरच्या खोक्याने पहाटे उघडायचा आणि २० मिनिटांनी आपोआप बंद करायचा, असं ठरवून दिलेलं. आदल्या दिवशी बॅटरी जरा जास्त दिवस टिकावी म्हणून खोक्याच्या प्रोग्रॅममध्ये एकच ओळ वाढवली. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह बरोबर वेळेला उघडला, पण बंद झाला तो २ तास ४० मिनिटांनी. वायर तुटलेली नाही, व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला नाही, बॅटरीही भरलेली आहे. मग घोडं अडलं कुठं?

एका झाडाला ताशी ४ लिटरचे ४ ड्रिपर धरले तर २० मिनिटांत साधारण ५ लिटर पाणी पडतं. २ तास ४० मिनिटांत तेच जवळपास ४३ लिटर होतं. ताणावर असलेल्या बागेत पक्व होत आलेल्या फळाला असं एकदम पाणी मिळालं की साल तडकते, हे बागायतदाराला कुणी सांगायची गरज नाही. वाचवायला गेलो सेल आणि गमावला बहार, असा हा प्रकार.

वरचं उदाहरण समजावण्यासाठी घेतलं असलं तरी त्यातलं गणित खरं आहे. डिप्लोमा, आयटीआय झालेली गावाकडची पोरं अशी खोकी आता स्वतः जोडू लागली आहेत. ओलाव्याचा सेन्सर, पंपाचा मोबाइल ऑटो, टाकीची पातळी बघणारं यंत्र असं काही ना काही प्रत्येकाच्या डोक्यात असतं. शेतात चोवीस तास लाइट नसते, त्यामुळे खोकं बॅटरीवर चालवावं लागतं. बॅटरी पुरेना म्हटल्यावर पहिला सल्ला मिळतो तो हाच, 'चिपचा क्लॉक कमी कर.' सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे.

चिपला सेकंद कळत नाही

अशा खोक्याचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर. अर्डुइनो उनो या बोर्डावर एटीमेगा ३२८पी नावाची चिप असते, आपल्याकडच्या बहुतेक घरगुती जोडणीत तीच सापडते. पूर्वी ही चिप अॅटमेल कंपनीची होती. २०१६ मध्ये मायक्रोचिप कंपनीने अॅटमेल विकत घेतली.

चिपच्या आत प्रत्येक काम ठोक्यावर चालतं. ठोका पडला की चिप एक पाऊल पुढे जाते. या ठोक्यांच्या वेगाला क्लॉक म्हणतात. उनो बोर्डावर तो १६ मेगाहर्ट्झ असतो, म्हणजे सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके. सुट्या चिपच्या आत स्वतःचाही एक ठोके देणारा भाग असतो, तो ८ मेगाहर्ट्झचा. बॅटरीवरच्या खोक्यात बहुतेक वेळा तोच वापरतात.

आता खरी गोम इथे आहे. सेकंद म्हणजे काय, मिनिट म्हणजे काय, हे चिपला ठाऊकच नसतं. तिला फक्त ठोके मोजता येतात. प्रोग्रॅम तयार करताना आपण सांगून ठेवतो की ८० लाख ठोके झाले म्हणजे एक सेकंद झाला. चिप ते प्रमाण मानून चालते. मध्येच आपण तिचा वेग आठव्या हिश्शावर आणला, तर सेकंदाला १० लाखच ठोके पडतात. पण चिप मात्र इमानेइतबारे ८० लाख मोजत बसते, आणि त्याला खरे ८ सेकंद लागतात. २० मिनिटांचे १६० मिनिटं अशी झाली. चिपने काही चूक केली नाही, तिला नवा हिशेब कुणी सांगितलाच नाही.

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे लगेच कळेल. पीटीओवर ५४० फेरे मिळावेत म्हणून इंजिन एका ठराविक आरपीएमला ठेवावं लागतं. डिझेल वाचवायला रेस कमी केली तर मागचा ब्लोअरही मंदावतो आणि फवारा पानाच्या खालपर्यंत पोचत नाही. इंजिन एक आणि जोडलेली अवजारं अनेक. चिपमध्येही तसंच आहे. वेळ मोजणारा टायमर, निरोप पाठवणारा भाग, सेन्सरचं व्होल्टेज वाचणारा भाग, हे सगळे एकाच क्लॉकच्या शाफ्टवर बसलेले असतात.

वेग बदलतात कसा?

चालू चिपमध्ये क्रिस्टल काढून दुसरा बसवता येत नाही, हे उघड आहे. बाहेरून दिलेला क्लॉक मनाला येईल तसा वरखाली करणंही धोक्याचं. एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत वेगात २ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर चिप कशी वागेल याचा भरवसा नाही, असं या चिपच्या माहितीपत्रकातच बजावलेलं आहे.

मग उपाय काय, तर गिअर. मूळ ठोके आहेत तसेच ठेवायचे आणि मध्ये भागाकार करणारा टप्पा वापरायचा. त्याला प्रीस्केलर म्हणतात. तो १, २, ४, ८ असं दुपटीने वाढत २५६ पर्यंत भागू शकतो. ८ मेगाहर्ट्झला ८ ने भागलं की १ मेगाहर्ट्झ. गिअर बदलताना अर्धवट ठोका पडणार नाही आणि मधल्या क्षणी वेग जुन्या-नव्या दोन्हींपेक्षा जास्त होणार नाही, याची काळजी चिप स्वतः घेते.

हा गिअर सीएलकेपीआर नावाच्या रजिस्टरमध्ये असतो आणि तो चुकून बदलू नये म्हणून बँकेच्या लॉकरसारख्या दोन किल्ल्या ठेवल्या आहेत. आधी त्यात १२८ हा आकडा लिहायचा, त्याने कुलूप उघडतं. त्यानंतर फक्त ४ ठोक्यांच्या आत खरा आकडा लिहायचा. ८ ने भागायचं असेल तर ३. चार ठोके उलटून गेले की कुलूप पुन्हा बंद. या दोन कामांच्या मध्ये दुसरं कुठलं काम घुसू नये म्हणून इंटरप्ट तेवढ्यापुरते बंद ठेवावे लागतात. पोरांचं इथेच फसतं. टेबलावर दहा वेळा वेग बरोबर बदलतो, अकराव्या वेळी नेमका इंटरप्ट येतो आणि बदलत नाही. सी भाषेत यासाठी क्लॉक_प्रीस्केल_सेट नावाचं तयार फंक्शन मिळतं. ते वापरलं तर ही कटकट राहत नाही.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. दुकानातून आणलेली सुटी चिप कारखान्यातूनच ८ ने भागून येते, म्हणजे ती १ मेगाहर्ट्झवर धावते. तिच्यात ८ मेगाहर्ट्झसाठीचा प्रोग्रॅम भरला की सेकंदाला लुकलुकणारा दिवा ८ सेकंदांनी लुकलुकतो. चिप खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी हे तपासावं.

बॅटरी खरंच वाचते का?

इथे सगळ्यांत जास्त गैरसमज आहे, म्हणून आकडे बघू. माहितीपत्रकातले नेहमीचे आकडे असे आहेत : ५ व्होल्ट आणि ८ मेगाहर्ट्झवर चिप जागी असताना ५.२ मिलीअँपिअर घेते. ३ व्होल्ट आणि ४ मेगाहर्ट्झवर १.७ मिलीअँपिअर. २ व्होल्ट आणि १ मेगाहर्ट्झवर ०.३ मिलीअँपिअर.

पहिल्याचा गुणाकार २६ मिलीवॉट, शेवटच्याचा ०.६ मिलीवॉट. म्हणजे खर्च ४३ पट कमी! एवढं वाचून पोरगं क्लॉक कमी करायला धावतं. पण जरा थांबा. १ मेगाहर्ट्झवर तेच काम करायला ८ पट वेळ लागतो. ८० लाख ठोक्यांचं काम ८ मेगाहर्ट्झवर १ सेकंदात होतं, म्हणजे खर्च २६ मिलीज्यूल. १ मेगाहर्ट्झवर ८ सेकंद लागतात, खर्च ४.८ मिलीज्यूल. ४३ पटीची बचत साडेपाच पटीवर आली.

आणि ही साडेपाच पट तरी कुठून आली? ती क्लॉक कमी करून आलेलीच नाही, ती ५ चे २ व्होल्ट केल्यामुळे आली. चिपचा खर्च ठोक्यांच्या वेगाच्या प्रमाणात बदलतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज निम्मं केलं तर प्रत्येक ठोक्याचा खर्च चौथ्या हिश्शावर येतो. व्होल्टेज तेच ठेवून नुसता वेग कमी केला तर प्रत्येक ठोक्याचा खर्च तोच राहतो. काम जेवढं आहे तेवढं आहे, ठोके तेवढेच लागणार.

विहिरीवरचं डिझेल इंजिन निम्म्या रेसवर चालवलं म्हणून टाकी निम्म्या डिझेलमध्ये भरत नाही, तसंच हे. उलट तोटाही होऊ शकतो. समजा ओलाव्याचा सेन्सर ५ मिलीअँपिअर घेतो आणि तो चिप काम करत असेपर्यंत चालू ठेवलाय. चिप १ सेकंदात मोकळी झाली तर सेन्सर १ सेकंद खातो, ८ सेकंद रेंगाळली तर सेन्सरही ८ सेकंद खातो. चिपने वाचवलं आणि सेन्सरने उडवलं.

त्यापेक्षा काम भरकन उरकून चिपला झोपवणं केव्हाही चांगलं. ३ व्होल्टवर ही चिप गाढ झोपेत, उठवायला वॉचडॉग जागा ठेवून, ४.२ मायक्रोअँपिअर घेते. मायक्रो म्हणजे मिलीचा हजारावा भाग. २००० मिलीअँपिअर-तासांचे दोन पेन्सिल सेल धरले तर १.७ मिलीअँपिअरने सतत जागणारी चिप त्यांना साधारण ४९ दिवसांत संपवेल. झोपलेल्या चिपला तेच सेल कागदावर ५० वर्षांहून जास्त पुरतात. अर्थात तोवर सेल आपोआपच मरून जातील, पण फरक कुठल्या तोलाचा आहे ते यावरून कळावं.

उनो बोर्ड जसाच्या तसा शेतात लावणाऱ्यांसाठी तर क्लॉकची चर्चाच फोल आहे. त्या बोर्डावर पॉवरचा दिवा, यूएसबीची वेगळी चिप आणि व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर कायम चालू असतो. सगळा बोर्ड ४५ मिलीअँपिअरच्या आसपास घेतो आणि त्यातला मुख्य चिपचा वाटा लहान असतो. चिपला उपाशी ठेवलं तरी बाकीचे पाहुणे जेवतच राहतात. बॅटरीवर न्यायचं असेल तर सुटी चिप साध्या बोर्डावर बसवणं हीच पहिली बचत.

मग वेग बदलायचा कधी?

झोपवून भागतं तिथे झोपवावं. पण काही ठिकाणी झोपवता येत नाही आणि तिथे चालू असताना वेग बदलणं खरोखर उपयोगी पडतं.

पहिली जागा म्हणजे वाट बघण्याची. पंपाच्या ऑटोमध्ये मोडेमकडून केव्हाही निरोप येऊ शकतो. निरोप ऐकणारा भाग चालू ठेवायचा तर त्याला क्लॉक लागतोच, चिप पूर्ण झोपवली तर तो बहिरा होतो. अशा वेळी चिपला डुलकीच्या स्थितीत ठेवतात. डोकं थांबलेलं, कान उघडे. त्या स्थितीत काम काहीच होत नाही, पण ठोके पडत राहतात आणि प्रत्येक ठोका बॅटरी खातो. म्हणजे इथे वेग कमी केला की निव्वळ फायदा. माहितीपत्रकाप्रमाणे डुलकीत ५ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झला १.२ मिलीअँपिअर लागतात आणि २ व्होल्ट, १ मेगाहर्ट्झला ०.०४. निरोप पूर्ण आला की गिअर वर टाकायचा, हिशेब उरकायचा आणि पुन्हा खाली यायचं. मोडेम स्वतः किती खातो हा वेगळा विषय. एसएमएस पाठवताना काही मोडेम क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतात. तिथे चिपची बचत म्हणजे हत्तीच्या जेवणातलं मीठ.

दुसरी जागा जास्त महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच दुर्लक्षित राहते. चिपला वेगानुसार किमान व्होल्टेज लागतं. एटीमेगा ३२८पी २० मेगाहर्ट्झला ४.५ व्होल्ट मागते, १० मेगाहर्ट्झला २.७ आणि ४ मेगाहर्ट्झपर्यंत १.८ व्होल्टवर चालते. मधल्या वेगांचा हिशेब त्याच प्रमाणात. त्यानुसार ८ मेगाहर्ट्झला २.४ व्होल्ट लागतात आणि १६ मेगाहर्ट्झला पावणेचारच्या थोडं वर. ३.३ व्होल्टवर १६ मेगाहर्ट्झ चालवणारे पुष्कळ आहेत. चालतंय म्हणून चालवतात, पण कंपनीने त्याची हमी दिलेली नाही.

आता दोन पेन्सिल सेल घ्या. नवे असताना ३ व्होल्टच्या वर, वापरात हळूहळू उतरत जातात. ते २.४ व्होल्टला आले की ८ मेगाहर्ट्झची चिप भरवशाची राहत नाही. मध्येच उलटसुलट आकडे देते, नाहीतर अडकते. पण सेलमध्ये अजून बराच जीव शिल्लक असतो. इथे चिपने व्होल्टेज उतरल्याचं ओळखून स्वतःचा वेग ४ मेगाहर्ट्झवर आणला, तर ती १.८ व्होल्टपर्यंत नीट चालते. चढावर थकलेल्या बैलाला चाबूक मारण्यापेक्षा चाल कमी करून गाडी घरी आणावी, तसं. नाहीतर टाकून दिले असते ते सेल आणखी काही आठवडे काम देतात, आणि 'सेल बदला' असा निरोप पाठवायला खोकं जिवंत राहतं.

यासाठी जास्तीचा पार्टही लागत नाही. चिपमध्ये १.१ व्होल्टचा एक आतला संदर्भ असतो, त्याच्याशी ताडून ती स्वतःचं व्होल्टेज मोजू शकते. फक्त मोजायचं ते भार चालू असताना, म्हणजे रेडिओ किंवा सेन्सर ओढत असताना. निवांत सेल नेहमी तगडा दिसतो. आणि ब्राउनआउट नावाची जी संरक्षणाची मर्यादा असते, ती २.७ व्होल्टवर ठेवलेली असेल तर चिप २.७ लाच रीसेट होईल आणि वरचं सगळं वाया जाईल. ती १.८ वर ठेवावी लागते. सोबतचा रेडिओही तेवढ्या कमी व्होल्टवर चालणारा हवा. एसएक्स १२७६ ही लोरा रेडिओची चिप १.८ व्होल्टपासून चालते, सगळेच मोड्यूल तसे नसतात.

कुठं कुठं फटका बसतो

वेळेचं वर आलंच. पण त्याची आणखी एक बाजू आहे. बॅटरीवरच्या खोक्यात बहुतेक वेळा लॅचिंग सोलेनॉइड असतो. त्याला उघडायला एक छोटा झटका आणि बंद करायला उलटा झटका पुरतो. हा झटका ५० मिलिसेकंदांचा ठरवला असेल आणि वेग आठव्या हिश्शावर असेल, तर तो ४०० मिलिसेकंदांचा होतो. म्हणजे प्रत्येक उघडझाप आठपट महाग. बॅटरी वाचवायला कमी केलेला क्लॉकच बॅटरी पिऊन टाकतो.

दुसरा फटका निरोपाला. मोडेम आणि चिप एकमेकांशी ठरलेल्या वेगाने बोलतात, समजा ९६०० बॉड. दोघांमध्ये क्लॉकची वायर नसते, नुसता विश्वास असतो. चिपचा वेग ८ ने भागला की ती १२०० च्या वेगाने बोलू लागते आणि मोडेमला अर्थहीन चिन्हं ऐकू येतात. उपाय म्हणजे वेग बदलला की बॉडचा हिशेबही बदलायचा. ८ मेगाहर्ट्झला यूबीआरआर या रजिस्टरमध्ये ५१ लिहितात. १ मेगाहर्ट्झला दुप्पट वेगाचा पर्याय चालू करून १२ लिहावं लागतं, मग चूक ०.२ टक्केच राहते. तो पर्याय चालू न करता ६ लिहिलं तर चूक ७ टक्क्यांवर जाते आणि संभाषण तुटतं. एवढंच नाही, शेवटचं अक्षर पूर्ण बाहेर पडल्याशिवाय गिअरला हात लावायचा नाही, नाहीतर अक्षराचं अर्धं अंग एका वेगात आणि अर्धं दुसऱ्या वेगात जातं. याउलट आयटूसी किंवा एसपीआयवर जोडलेल्या सेन्सरला सहसा काही होत नाही, कारण तिथे ठोक्याची वायर वेगळी असते. मालक हळू बोलला तर तोही हळू ऐकतो.

तिसरा, ओलाव्याचा आकडा. व्होल्टेज वाचणाऱ्या भागाला पूर्ण अचूकतेसाठी ५० ते २०० किलोहर्ट्झचा क्लॉक लागतो. ८ मेगाहर्ट्झला ६४ ने भागून १२५ किलोहर्ट्झ मिळतो, ते ठीक. मुख्य क्लॉक १ मेगाहर्ट्झ केला आणि ६४ तसाच ठेवला, तर १५.६ किलोहर्ट्झच उरतो, मर्यादेच्या कितीतरी खाली. तिथे ८ ने भागायला सांगावं लागतं.

चौथा प्रकार जरा गमतीचा आहे. वॉचडॉगला स्वतःचा १२८ किलोहर्ट्झचा वेगळा ठोका असतो, त्याच्यावर गिअरचा परिणाम होत नाही. प्रोग्रॅम दर २ सेकंदांनी 'मी जिवंत आहे' असं वॉचडॉगला सांगत असेल, तर वेग आठव्या हिश्शावर आल्यावर तो १६ सेकंदांनी सांगेल. या चिपचा वॉचडॉग जास्तीत जास्त ८ सेकंद थांबतो. म्हणजे दर ८ सेकंदांनी रीसेट, पुन्हा सुरुवात, पुन्हा रीसेट. शेतकऱ्याला दिसतं एवढंच, की खोकं मेलं.

ऊन हा पाचवा. चिपच्या आतला ८ मेगाहर्ट्झचा ठोका कारखान्यातून १० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो, शिवाय तापमान आणि व्होल्टेजप्रमाणे सरकतो. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोक्यात काय तापमान होत असेल, ते त्यावर हात ठेवून बघावं. तो ठोका ओएससीसीएएल रजिस्टरने जुळवता येतो, पण तोही लहान लहान पायऱ्यांनी, एकदम उडी मारून नाही.

ईएसपी३२ वापरणाऱ्यांसाठी थोडं वेगळं आहे. ती चिप २४०, १६० आणि ८० मेगाहर्ट्झवर धावते. वाय-फाय बंद असताना दोन कोअरची चिप २४० वर ३० ते ६८ मिलीअँपिअर घेते, ८० वर २० ते ३१. या तिन्ही वेगांत निरोपाचा भाग बिघडत नाही, कारण त्याला ८० मेगाहर्ट्झचा वेगळा शाफ्ट मिळतो. ८० च्या खाली उतरलं की तो शाफ्टही मंदावतो आणि वाय-फाय चालत नाही. एसटीएम३२ मध्ये वेग वाढवायच्या आधी फ्लॅश मेमरीला थांबायचे ठोके वाढवून द्यावे लागतात. कमी करताना उलट, आधी वेग आणि मग ते ठोके. क्रम चुकला की चिप जागच्या जागी अडकते.

बागेत लावण्याआधी

पाण्याची वेळ चिपच्या ठोक्यावर सोडूच नये, हे बरं. डीएस३२३१ नावाचं छोटं घड्याळ बाजारात सहज मिळतं. त्याला स्वतःचा क्रिस्टल आणि स्वतःचा सेल असतो, आणि ० ते ४० अंशांत ते वर्षाला साधारण एखादं मिनिटच चुकतं. व्हॉल्व्ह उघडताना त्यातली वेळ टिपून ठेवायची आणि बंद करायचं तेही त्याच घड्याळाकडे बघून. मग चिप ८ वर धावो नाहीतर १ वर, २० मिनिटं ही २० मिनिटंच राहतात.

प्रोग्रॅममध्ये वेग बदलणारी जागा एकच ठेवावी. त्याच जागी टायमर, बॉड आणि व्होल्टेज वाचण्याचा भागाकार हे तिन्ही सोबत बदलावेत. दहा ठिकाणी दहा वेळा गिअर बदलला की एक जागा हमखास विसरते.

आणि तपासणीला भारी यंत्र लागत नाही. चिपला सेकंदाला एकदा दिवा लुकलुकायला सांगायचं आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावून ६० लुकलुकी मोजायच्या. वेग बदलण्याआधी एकदा, बदलल्यावर एकदा आणि परत मूळ वेगावर आल्यावर एकदा. तिन्ही वेळा ६० सेकंद आले तर वेळेचा हिशेब जुळला. त्यानंतर मल्टिमीटर मिलीअँपिअरवर ठेवून बॅटरीच्या वायरीत मध्ये जोडायचा आणि खरंच किती वाचतं ते बघायचं. एकदा थंड सावलीत, एकदा दुपारी दोनच्या उन्हात. सोलेनॉइडची वायर जोडायची, पण पाण्याची लाइन बंद ठेवायची. दोन दिवस उघडझापीच्या वेळा वहीत लिहून काढायच्या आणि त्या जुळल्या की मगच कॉक उघडायचा.